एका रविवारी एकच बदल

सोमवार, ६ सप्टेंबर २०१०

कालच्या नोंदीत एक चूक आहे. चाचणी संपल्यावर पुण्याहून सुधन्वाने फोन केला, असं मी लिहिलं. फोन त्याने केला नव्हता. मी केला होता. त्याने उचलला, एवढंच.

चूक खोडायची नाही, दुसऱ्या दिवशी सगळ्यात वर बरोबर काय ते लिहायचं, ही साधनाआत्याची शिस्त. दम्यामुळे मी चौथीपर्यंत शाळेत गेलेच नाही. आत्या हिंदूराव हॉस्पिटलमधली सकाळची ड्यूटी करून यायची, जेवायची आणि मला घेऊन बसायची. गणित, मराठी, पाढे, सगळं तिच्याकडेच. तिच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला "साधारण" असं काही लिहिता येत नाही.

कामाचंही नीट लिहून ठेवते. आमच्या कंपनीचे दोन मेल सर्व्हर आहेत, एक इथे नोएडाला, एक पुण्याला. पुण्याचा जुना झालाय. तिथल्या सगळ्यांची मेल आमच्या सर्व्हरवर आणायची आणि तो बंद करायचा, असं ठरलंय. पण पुण्याहून आमच्या सर्व्हरला जोडलेली जोडणी थोडा वेळ वापरली नाही की मरते, आणि मेली हे कुणाला कळत नाही. सर्व्हर म्हणतो जोडलेलं आहे, पुण्यातला पडदाही म्हणतो जोडलेलं आहे, मेल मात्र जात नाही.

संशय सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावर आहे. वेग वाढावा म्हणून त्यात काही सोयी दिलेल्या असतात. एकीत प्रोसेसरचं काम कार्ड स्वतःच्या अंगावर घेतं. दुसरीत येणारा भार सगळ्या प्रोसेसरांना वाटून दिला जातो. यातली कुठली चालू ठेवायची आणि कुठली बंद, ते माझ्यावर सोपवलंय. एका रविवारी एकच बदल, हा नियम मी घातला. दोन बदल एकदम केले तर बरं कशाने झालं ते कळत नाही. आमचे मॅनेजर भाटियासर म्हणाले, "केतकी, इतने में तो मेट्रो की नई लाइन बन जाती है."

बदल केला की पुण्याचं एक मशीन जोडायचं आणि निवांत सोडायचं. दोनेक तास हात लावायचा नाही. मग एक मेल पाठवून बघायची. ते दोन तास तिकडे सुधन्वा बसलेला असतो, इकडे मी. त्याला मी कधी पाहिलेलं नाही. कंपनीच्या यादीत त्याचा फोटो आहे, पण त्या यादीत सगळेच चोर दिसतात.

पुण्याचा सर्व्हर बंद झाला की तो सांभाळणारा माणूसही लागणार नाही. तो माणूस सुधन्वाच. हे त्यानेच काल हसत हसत सांगितलं. "माझ्याच खुर्चीचे पाय आपण दोघं मिळून कापतोय. जरा जपून काप हं."

मला हसू आलं नाही.

रविवार, १२ सप्टेंबर

दुसरा बदल. भार वाटून देणारी सोय बंद केली. जोडणी मेलीच.

मशीन निवांत सोडल्यावर मी म्हटलं, आता फोन ठेवते. तो म्हणाला, "ठेवायचा कशाला? ऑफिसची लाइन आहे, आणि इथे माझ्याशिवाय फक्त वॉचमन आहे. तो बोलत नाही." त्याच्या मागे कुठल्यातरी मंडळाचा स्पीकर चालू होता. गणपती कालच बसले.

"तुमच्याकडे दिल्लीत मोदक कसले करतात? कणकेचे?"

"तांदळाच्या पिठीचे. आत्या करते."

"उकडीचे?"

"उकडीचेच."

"मग दिल्ली राहण्यासारखी आहे म्हणायची." मग म्हणाला, "माझ्या एका मित्राला गुडगावला ऑफर आहे. त्याच्यासाठी विचारतोय."

मध्येच त्याने विचारलं, "ती काम अंगावर घेण्याची सोय कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये वेगळी असते. तिथे बघितलंस?" मी म्हटलं, ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, माझ्या क्रमात शेवटी आहे. त्याचा रविवार यायचाय.

"येऊ दे की मग. घाई कुणाला आहे?"

माणूस हुशार आहे, पण विसराळू. सर्व्हरचा पत्ता त्याने आज पुन्हा विचारला. तो त्याच्याच टेबलावरच्या कागदावर पहिल्या ओळीत आहे. तो कागद मीच लिहून पाठवलाय.

गुरुवार, १६ सप्टेंबर

सुधन्वाच्या मित्रासाठी चौकशी केली. आमच्या मयूर विहारमध्ये दोन घरं बघून आले. एक तळमजल्यावर, ओल आहे. दुसरं तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनी पूर्वेला, समोर कडुनिंब. गुडगावला मेट्रो राजीव चौकात बदलावी लागेल, हेही कळवलं. गर्दी कशी असते तेही. एखाद्या माणसाने आपल्या माहितीवर घर घ्यायचं म्हणजे जोखीम आहे, म्हणून संध्याकाळी परत जाऊन पाण्याचा दाब बघितला.

मेट्रोतून यमुना दिसते. पाणी फार चढलंय. काठावरची भाजीची शेतं बुडाली, माणसं रस्त्याच्या कडेला ताडपत्र्या बांधून राहताहेत. डब्यातले सगळे खिडकीशी येऊन बघतात.

रविवार, १९ सप्टेंबर

तिसरा बदल. उपयोग नाही.

सुधन्वाने माझी मेल वाचली होती. "बाल्कनीवालं घर चांगलं वाटतंय. तुझ्या घरापासून किती लांब?" मी सांगितलं, मधे एक बाग आणि मदर डेअरीचं दुकान. मित्राला घर शोधताना खूण हवी असणार.

"आणि पानिपत? त्याला पानिपत बघायचंय."

मी हसले. महाराष्ट्रातून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पानिपत बघायचं असतं. बाबांचा कार्यक्रम ठरलेला आहे. सकाळी लवकर निघायचं, वाटेत मुरथलला पराठे, मग ते स्मारक, तिथे पाहुण्यांनी गंभीर व्हायचं आणि तासाभराने बाजारात चादरींची घासाघीस करायची. बाबा म्हणतात, मराठे तिथे एकदा हरले, मी दरवर्षी हरतो. हे सांगितल्यावर सुधन्वा इतका हसला की मला रिसिव्हर लांब धरावा लागला.

"तुझ्या बाबांना सांग, या वेळी चादरी घेणार नाही."

"तू कुठे येतोयस? तुझा मित्र येतोय."

"हो हो. त्याच्याच वतीने सांगतोय."

आत्याने सांगून ठेवलं होतं, तो कोण मित्र येणार असेल त्याच्याबरोबर मेतकूट मागव. मी निरोप दिला. त्याने लगेच विचारलं, किती? भाजणीही हवी का? थालीपिठाची की उपासाची? घरी आल्यावर आत्याला जसंच्या तसं सांगितलं. ती शेंगा निवडत होती. म्हणाली, "मित्राला उपासाची भाजणी वेगळी असते हे कळतं?"

मी म्हटलं, सुधन्वाला कळतं. मित्राचं माहीत नाही.

"बरं," आत्या म्हणाली.

बुधवार, २२ सप्टेंबर

आज अनंत चतुर्दशी. पुण्याचं ऑफिस बंद. तिकडून एकही मेल नाही. पुण्याची लाइन तपासली, ठीक होती. जेवणानंतर पुन्हा तपासली.

रविवार, ३ ऑक्टोबर

मागच्या रविवारी वीज गेल्याने चाचणी झाली नाही, म्हणून चौथा बदल आज. आज राष्ट्रकुल खेळांचं उद्घाटन, अर्धी दिल्ली बंद. मेट्रोत पोलीसच जास्त. ऑफिसात मी एकटी.

मशीन निवांत सोडल्यावर तो नेहमीसारखा बोलला नाही. म्हणाला, "माझ्या मित्राला पंचवीस तारखेपर्यंत कळवायचंय. हो किंवा नाही."

"मग कळवू दे."

"तो म्हणतो, तिकडे आपलं माणूस कुणी नाही. यावं की नाही? तुझं काय मत?"

मी पुष्कळ विचार केला. म्हटलं, मी त्याला ओळखत नाही, मत कसं देऊ? दिल्लीची थंडी वाईट असते. गुडगाव लांब आहे. जाण्यायेण्यातच माणूस अर्धा होतो. आणि कुणाच्या सांगण्यावरून आपलं गाव सोडून येऊ नये. नंतर पस्तावला तर सांगणाऱ्याने काय करायचं?

लाइन तुटली असं वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"आहे मी. ऐकतोय." मग म्हणाला, "बरोबर आहे तुझं. सांगतो त्याला."

मेल पाठवली. गेली नाही. चौथाही बदल फुकट.

सोमवार, ४ ऑक्टोबर

दुरुस्ती. "मी पुष्कळ विचार केला" असं काल लिहिलंय. विचार नंतर केला, मेट्रोत. उत्तर मी ताबडतोब दिलं होतं, एखादी अडचण अंगावर येत असली की हात पुढे करतो तसं. पण सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. थंडी वाईट असतेच.

रविवार, १० ऑक्टोबर

आज चौथाच बदल पुन्हा तपासला, खात्रीसाठी. जोडून झाल्यावर सुधन्वा म्हणाला, "फोन ठेवू या का? मधे काही करायचं तर नसतं. वेळ झाली की मीच करतो."

म्हटलं, हो, ठेवू या.

रविवारी ऑफिसात एसी बंद ठेवतात. सर्व्हरच्या खोलीत तेवढा चालू असतो, म्हणून तिथेच बसले. पडद्यावर पुण्याच्या मशीनच्या नावापुढे हिरवं टिंब होतं. त्या टिंबावर विश्वास ठेवता येत नाही हे मला पुरतं माहीत आहे, तरी त्याच्याकडेच बघत राहिले. त्याने आज कुठला चहा घेतला, वॉचमन आज तरी बोलला का, काही कळलं नाही. दोन तास इतके मोठे असतात हे आधी लक्षात आलं नव्हतं.

वेळ झाल्यावर त्याने फोन केला. (हे बरोबर आहे. त्यानेच केला.) "नाही गेली. पुढच्या रविवारी दसरा. त्यापुढच्या रविवारी बघू."

सर्व्हरचा पत्ता त्याने विचारला नाही. आता पाठ झाला असणार.

गुरुवार, १४ ऑक्टोबर

सापडलं.

आमच्याकडे एक जादा सर्व्हर आहे. त्यावर आज शेवटचा बदल करून बघितला, तोच ड्रायव्हरमधला. काम अंगावर घेण्याची सोय सर्व्हरमध्ये मी पहिल्याच रविवारी बंद केली होती, पण कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये ती चालूच होती. सर्व्हर समजायचा की जोडणी कार्ड सांभाळतंय. कार्डाने ती केव्हाच टाकून दिलेली असायची. दोन्हीकडे बंद केल्यावर पुण्याच्या हिशेब विभागातून जोडून घेतलेली चाचणीची जोडणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत निवांत पडून राहिली, आणि तरी मेल गेली. पहिल्याच फटक्यात.

हे मला सुधन्वाने दुसऱ्या रविवारी सांगितलं होतं. तेव्हाच बघितलं असतं तर सप्टेंबरातच काम संपलं असतं. त्याला हे माहीत होतं, तरी तो प्रत्येक रविवारी येऊन बसला. का, ते कळत नाही.

भाटियासर टेबलाशी आले. "कुछ हुआ? तुम तो सर्व्हर से सात फेरे लेकर बैठी हो." मी म्हटलं, "अभी देख रही हूँ, सर."

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

दुरुस्ती. "अभी देख रही हूँ" हे खोटं होतं. बघून झालं होतं.

का सांगितलं नाही? सांगितलं की पुण्याचा सर्व्हर बंद होणार आणि सुधन्वाची नोकरी जाणार. हे खरं कारण आहे. पूर्ण नाही. उरलेलं कारण लिहायला सकाळपासून तीनदा बसले. वाक्य "आणि मग रविवारी" इथपर्यंत येतं आणि पुढे जात नाही.

रविवार, १७ ऑक्टोबर. दसरा

दिल्लीत आपटा मिळत नाही. कॉलनीतल्या कचनारची, म्हणजे आपल्या कांचनची, पानं आणून आम्ही सोनं म्हणून देतो. पानं दिसायला तशीच. बाबा शेजारच्या सरदारजींनाही देतात, ते दरवर्षी विचारतात, "दिलीपजी, इसका करना क्या है?"

जेवताना आत्या म्हणाली, "मेतकूट संपलं हो. तुमचा तो मित्र येतोय की नाही?"

"बहुतेक नाही येणार."

"का?"

"मी सांगितलं, येऊ नको."

"नाव काय त्याचं?"

"विचारलं नाही."

आत्याने वाढता वाढता हात थांबवला. "तू नाव विचारलं नाहीस? दूधवाल्याच्या मेहुण्याचं नाव तुला ठाऊक असतं. त्या मुलासाठी दोन घरं बघून आलीस, नळाचं पाणी बघायला परत गेलीस, आणि त्याचं नाव माहीत नाही?"

"बिननावाच्या माणसाला मी पानिपतला नेणार नाही," बाबा म्हणाले. "चादरी कुणाच्या नावावर घ्यायच्या?"

बाबा आपल्याच विनोदावर हसले. आत्या हसली नाही. तिने माझ्या पानात आणखी श्रीखंड वाढलं, मी नको म्हणत असताना. लहानपणी उत्तर माझ्या तोंडाशी आलंय असं तिला वाटलं की ती अशीच दुसरीकडे बघायची. सांगायची नाही.

संध्याकाळी मैदानात रावण जाळला. धुराने खोकला आला म्हणून लवकर परतले.

मंगळवार, १९ ऑक्टोबर

बिघाड शोधताना मी जे करते तेच करून बघितलं. माहीत असलेल्या गोष्टी तेवढ्या घ्यायच्या. मित्राला उकडीचे मोदक आवडतात. मित्राला उपासाची भाजणी कळते. मित्राला आमच्या घराजवळचं घर बरं वाटलं. मित्राला पंचवीसला कळवायचंय, आणि मी नाही म्हटल्यापासून सुधन्वा फोन ठेवतो.

खात्री म्हणावी असं यात काही नाही. प्रत्येक गोष्टीला दुसरंही कारण असू शकतं. पुण्याच्या कुणालाही उकडीचे मोदक आवडतील. मी चूक असले तर फार हास्यास्पद दिसेन. आणि सुधन्वा इतका सभ्य आहे की हसणारही नाही, ते जास्त वाईट.

पण ते हिरवं टिंबसुद्धा नुसतं बघून कळत नाही. पाठवून बघावं लागतं.

गुरुवार, २१ ऑक्टोबर

आज भाटियासरांना सगळं सांगितलं. गेल्या गुरुवारीच कळलं होतं हेही सांगितलं. ते म्हणाले, "एक हफ़्ता दबाके बैठी रही? तुम?" मग म्हणाले, "चलो, संडे को कर डालो. पुणे को बोल दिया?"

सुधन्वाला मेल केली. शेवटचा बदल, ड्रायव्हरमधला, तू म्हणाला होतास तोच. मी आधीच बघायला हवं होतं. पलीकडून एक ओळ आली. "ठीक. म्हणजे हा शेवटचा रविवार."

उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं. हे मेलवर लिहायचं नाही.

शुक्रवार, २२ ऑक्टोबर

आत्याला म्हटलं, रविवारी मला उशीर होईल. तिने विचारलं, काम जास्त आहे का? म्हटलं, काम थोडंच आहे. ती म्हणाली, "मग डबा मोठा देते." माझ्या बोलण्याशी याचा संबंध लागला नाही, पण बरं वाटलं.

ठरलं ते लिहून ठेवते. ड्रायव्हरमधली सोय बंद करायची. पुण्याचं मशीन जोडून निवांत सोडायचं. तो म्हणेल, फोन ठेवू या. ठेवू द्यायचा नाही. म्हणायचं, मी त्या दिवशी तुझ्या मित्राला थंडीचं सांगितलं, ते खरं आहे, पण अर्धंच सांगितलं. जानेवारीत दुपारी बाल्कनीत ऊन येतं आणि तिसऱ्या मजल्यावर ते जास्त वेळ टिकतं. ते घर अजून रिकामं आहे. गुरुवारी जाऊन बघितलं. हे सगळं तुझ्या मित्राला सांग, आणि त्याला यावंसं वाटत असेल तर मला वाटतं त्याने यावं. मला वाटतं, असंच म्हणायचं. दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालायचं नाही.

आणि मग विचारायचं, त्याचं नाव काय.

एका रविवारी एकच बदल, हा माझा नियम. या रविवारी दोन होतील, आणि कशाने काय झालं ते मला कळणार नाही. चालेल.

पंचवीस तारीख सोमवारी आहे. त्याच्या आधी हे व्हायला हवं. फोन मी करणार आहे. आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे सोमवारी दुरुस्ती करायला नको.

रविवार, २४ ऑक्टोबर. फोन मी केला.